रिटर्नच्या टेबलाशेजारचं स्टूल

१२ मे

आज माझ्या टेबलाशेजारी एक रिकामं स्टूल आणून ठेवलं. विचारलं, कोणासाठी? दीपेश म्हणाला, "काकी, उद्यापासून एक मुलगी येणार. तीन आठवडे तुमच्यासोबत राहणार. तुम्ही तुमचं काम करायचं, तिनं फक्त बघायचं."

फक्त बघायचं! फुकट कोण कोणाकडे बघतं?

दीपेश आमच्याच काल्हेर गावचा, नणंदेच्या सासरचा, म्हणून काकी म्हणतो. गोडाऊनचा मॅनेजर झाल्यापासून काकी जास्त गोड म्हणतो. त्यानं सांगितलं ते असं — वज्रेश्वरीकडच्या पाड्यांवरची आदिवासी मुलं, अकरावी झालेली. एक संस्था त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत कामं दाखवते. कोणी दवाखान्यात, कोणी बँकेत, कोणी निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर, कोणी आमच्या गोडाऊनमध्ये. एका मुलामागे एक माणूस. मुलं अठराच्या आतली, त्यामुळे कशाला हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी काय शिकलात ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं.

मी म्हटलं, रिटर्नच्या टेबलावर काय शिकण्यासारखं आहे? म्हणाला, "असं कसं काकी! तुमच्यासारखी नजर अख्ख्या गोडाऊनमध्ये कोणाची नाही."

दीपेशनं स्तुती केली की मी आधी पर्स कुठे आहे ते बघते. लिहून ठेवते आहे. उद्या कोणी म्हणायला नको — रंजिता, तुला तेव्हाच सांगितलं होतं.

१३ मे

आली. नाव भाग्यश्री. काटकुळी, तेल लावून चापून वेणी, शाळेचाच ड्रेस. पहाटे पाड्यावरून चालत वज्रेश्वरी, तिथून एसटीनं भिवंडी, मग रिक्षा. "काही खाल्लंस का गो?" तर म्हणे "हां." पुढे काही नाही. संस्थेनं वही-पेन दिलंय, तेही पिशवीतून काढलं नाही. शिकायला आलेलं पोर लिहीत नाही? मग हे लक्षात ठेवून कोणाला जाऊन सांगणार?

दुसरी गोष्ट. सकाळीच माझ्या डोक्यावर नवा कॅमेरा बसवला. "मुलीच्या सेफ्टीसाठी," दीपेश म्हणाला. "संस्थेची अट असते, काकी." आम्ही बायका इतकी वर्षं इथे राबतो, आमची सेफ्टी कोणाला आठवली नाही. पोरगी आली आणि लगेच कॅमेरा. म्हणजे पोरीवरच विश्वास नसणार यांचा. मग माझ्या गळ्यात कशाला बांधली?

तिला काम सांगताना मलाच हसू आलं. माझं काम काय, तर संशय घेणं. लोक ऑनलाइन माल मागवतात, नको झाला की परत पाठवतात. तो सगळा माझ्या टेबलावर येतो. खरंच न वापरता आलाय, की लग्नात मिरवून, घडी घालून आलाय, ते मी ठरवायचं. चांगला माल हिरव्या पेटीत, वापरलेला लाल पेटीत. साडी आली की फॉल नाकाशी धरायचा. चप्पल आली की तळव्यावरून अंगठा फिरवायचा. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी घालून पाठवणारेही भेटलेत. लोक कसे असतात ते मला विचारा.

पोरगी दिवसभर बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. अंगावर झुरळ फिरल्यासारखं वाटत होतं.

१५ मे

पॅकिंगची मेघाली डबा खाताना म्हणाली, "रंजिताताई, सांभाळून हां. माझ्या भावाच्या कंपनीत असंच एक पोरगं आणून बसवलं होतं. जुन्या माणसाकडून सगळं शिकवून घेतलं आणि जुन्यालाच लावलं झाडू मारायला."

मी डबा तसाच झाकून ठेवला. दीपेश एवढा गोड का बोलतो ते आता कळलं.

हे टेबल मला कोणी भीक म्हणून दिलेलं नाही. गोडाऊन उभं आहे ती जमीन आमची होती. सासऱ्यांनी विकली तेव्हा गोडाऊनच्या शेठनं कबूल केलं होतं, घरातल्या एकाला कायमची नोकरी. माझ्या नवऱ्याला, केसरीनाथला, गेटवर बसवलं. तो चार दिवसांत घरी. म्हणाला, आपलंच शेत दुसऱ्यासाठी कोण राखील? मग मी आले. जमिनीचे पैसे बंगल्यात, गाडीत, नणंदांच्या लग्नांत कधीच जिरले. राहिलं ते हे टेबल. सासूबाईंचा भोपळ्याचा मांडव होता तो इथेच कुठेतरी, लादीखाली. हे मी कोणाला देणार नाही. आदिवासी असो, आगरी असो, की वरून विमानातून उतरलेली असो.

१६ मे

ठरवलं. शिकवायचं, पण उलटं.

सकाळी तिला जवळ बसवून सांगितलं — "नीट ऐक. टॅग शाबूत असला की माल नवा. डोळे मिटून पास. चपलेला माती असली तरी चालतं, लोक घरात घालून बघतात. खोक्यावर टेप डबल असली की समजायचं, माणसानं काळजीनं पॅक केलंय." सगळं खोटं. टॅग आत दाबून साड्या नेसणाऱ्या बायका भिवंडीपासून दिल्लीपर्यंत आहेत. आणि डबल टेप म्हणजे तर शंभर टक्के भानगड.

तिनं मान हलवली. एकदाही का म्हणून विचारलं नाही. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

१७ मे

आज विचारलं तिनं. एक पैठणी मी लाल पेटीत टाकली, टॅग शाबूत होता. "मावशी, टॅग हाय तं पास ना?" मी म्हटलं, "ही वेगळी केस आहे." दुपारी बूट लाल पेटीत. "मावशी, माती चालते ना?" "ही पण वेगळी केस."

संध्याकाळपर्यंत सगळ्याच केसेस वेगळ्या निघाल्या. मग तिनं विचारणं सोडलं.

१९ मे

आज तर कमालच झाली. मी मिक्सरचे स्क्रू तपासत होते. मान वर केली तर ही बया माझ्यासमोर मूठ वर करून उभी! घट्ट वळलेली मूठ, डोक्याच्या वर. म्हणाली, "मावशी, तो वर..."

मी ओरडले. "बस खाली! बघायचं काम तुझं, बोलायचं नाही." बसली. मूठ हळूच मांडीवर ठेवली.

अकरावीतली पोर माझ्यावर मूठ उगारते? आठवड्याभरात एवढा राग धरला? की मेघाली म्हणते तेच खरं, हिला आतून कोणाचा तरी पाठिंबा आहे?

२० मे

आता मात्र खात्री झाली.

जेवणाच्या सुट्टीत आपणहून जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तो कॅमेरा माझ्याकडं न्हाय बघत."

हिला काय करायचंय, कॅमेरा कुठे बघतो आणि कुठे नाही? सरळ माणूस कॅमेऱ्याकडे ढुंकून बघत नाही. तो कुठपर्यंत पोचतो याचा हिशोब चोरच करतो. या कामात एवढं तरी शिकले मी.

"बरं," म्हटलं फक्त. चार वाजता मृणाली मॅडम — संस्थेच्या — भाग्यश्रीला भेटायला आल्या. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलीचं लक्ष मालावर कमी आणि कॅमेऱ्यावर जास्त आहे. मी काही म्हणत नाही, पण नजर ठेवा. मॅडमचा चेहरा उतरला. "भाग्यश्री? ताई, ती तर आमची सगळ्यात..." मी म्हटलं, मी काही म्हणत नाही.

दीपेशलाही सांगितलं. तो खदखदून हसला. मग एकदम हसू आवरून म्हणाला, "कॅमेऱ्याबद्दल काय म्हणाली ती?" मी शब्दन्‌शब्द सांगितलं. म्हणाला, "बरं केलंत काकी. जाताना तिची पिशवी चेक करायला लावतो."

२१ मे

गेटवर तुळशीरामनं तिची पिशवी उलटी केली. सगळे घरी जायला निघालेले, ट्रकवाले उभे, सगळ्यांसमोर. फडक्यात अर्धी भाकर, पाण्याची बाटली, कंगवा, ती कोरी वही. बस.

पोरीनं पिशवी उचलली. खाली बसून एकेक वस्तू भरली. कंगवा ट्रकच्या चाकाशी गेला होता, तो वाकून काढला. आज नाही घेतलं म्हणून उद्या घेणार नाही असं थोडंच आहे.

झोप येत नाही. उकाडा फार आहे.

२२ मे

पिशवी पुन्हा चेक. पुन्हा भाकर.

२४ मे

जेवताना केसरीनाथला सगळं सांगितलं. तो माशाचा काटा काढता काढता म्हणाला, "तुला सगली चोरच दिसतान गो. परवा आपल्या पोरीच्या, पूर्वीच्या, पर्सची झडती घेतलीस." मी म्हटलं, पोरगी कॉलेजला जाते, काय आणते काय नेते, आईनं बघू नये? म्हणाला, "बघ. पन एक दिस सोताची पन पर्स बघ, कोनी काय काढून नेलाय का."

हा माणूस दिवसभर नाक्यावर बसतो आणि रात्री मला तत्त्वज्ञान सांगतो.

२६ मे

आज गंमत झाली, म्हणजे मला झाली नाही. एका चपलेचा जोड आला. मी अंगठा फिरवला, लाल पेटीत टाकला आणि सवयीनं अंगठा ओढणीला पुसला. सहज बाजूला बघितलं तर स्टुलावर बसल्या बसल्या पोरगीचा अंगठा पण ओढणीवरून फिरत होता. तिला पत्ताही नव्हता.

माझी ही सवय आहे हे मलाच आज कळलं.

२७ मे

नाक्यावर शेवळं आली, पहिल्या पावसातली रानभाजी! दोन सरी काय पडल्या, पाड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन हजर. सोबत काकडांची आंबट फळं घेतली, नाहीतर घसा खाजून जीव जातो. सुकट घालून केली, सासूबाई करायच्या तशी. डब्यात जास्तच घेतली. खोटं कशाला लिहू, तिच्यासाठी घेतली. त्या फडक्यातली भाकर काही डोळ्यांपुढून जात नव्हती.

डबा पुढे केला. पोरगी मागे सरकली! "न्हाय मावशी."

"का गो? आवडत नाही?"

"आवडतात."

"मग?"

तिनं स्टूल आणखी मागे ओढलं. मला अशी चीड आली. म्हटलं, माझ्या हातचं चालत नाही का तुला? की त्यात मी काही कालवलंय असं वाटतं? आयुष्यभर मी दुसऱ्यांचा संशय घेत आले, पण माझ्या डब्याचा कोणी घेतला की इतकं लागतं हे माहीत नव्हतं.

तेव्हा ती पहिल्यांदा सलग बोलली. "तसं न्हाय हो मावशी. आमच्या पाड्यावर अजून नवी भाजी झाली न्हाय. रानातली नवी भाजी पहिली देवाला दाखवायची, मग आमच्या म्हाताऱ्या गेलेल्या मानसांना, मगच आमी खायची. आई इकाया आनते, पन खात न्हाय. मी इथं खाल्ली तं कोन बघत न्हाय, पन मना तं म्हाइत ना."

कोण बघत नाही, पण मला माहीत ना! आणि मी हिच्या कंगव्यापर्यंत झडती घ्यायला लावली.

मग डब्याकडे दाखवून म्हणाली, "तुमी खावा. वास लई मस्त येतो." दाखवलं ते बोटानं नाही. मूठ वळून. मी विचारलं, हे मुठीचं काय आहे तुझं? लाजली. "आजी म्हनते, कोवळ्याला बोट दावू नये. कुजतं. मना लहानपनापास्नं सवयच लागली, सगळ्यालाच मूठ दावते. शाळेत पोरी हसतात."

मला एकदम आमच्या सासूबाई, राहीबाई, आठवल्या. नवी नवरी होते, मांडवावरच्या इवल्याशा भोपळ्याला बोट दाखवून म्हटलं, केवढा झालाय बघा! तर हातावर फटका बसला. राहीबाई म्हणजे राहीबाई. "बोट दावतेस? आता कुजल तो." आमच्याकडे भोपळ्यापुरतं होतं, हिनं सगळ्या जगालाच लावलं.

म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी तू माझ्यावर मूठ उगारली नव्हतीस?"

"न्हाय मावशी! मी दावत होते..."

तेवढ्यात घंटा झाली आणि बाहेर दोन गाड्या लागल्या. मी हसतच उठले. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला. मूठ म्हणजे भोपळा! घरी येऊन केसरीनाथला सांगितलं तर तोही हसला.

हो, आणि हे राहिलंच. उठता उठता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बारावीनंतर या कामाला येशील का गो? तर तोंडच वाकडं केलं तिनं. "मना नर्सिंगला जायचंय. दवाखाना मागितला होता, पन तिथं जागा न्हवती, म्हनून इथं आली." म्हणजे माझं टेबल हिला फुकट दिलं तरी नको आहे.

२८ मे

तुळशीरामला सांगितलं, पोरीची पिशवी नको बघूस. म्हणाला, "ताई, साहेबांची ऑर्डर हाय. त्यांनीच सांगितलं तर." दीपेशला सांगितलं. म्हणाला, "राहू द्या काकी, तीन दिवस तर राहिले." संशय पेरायला मी एकटी पुरले. उपटायला कोणी येत नाही.

२९ मे

परवा करून दाखवायचं आहे. हेड ऑफिसचे साहेब येणार, संस्थेची माणसं, वेगवेगळ्या ठिकाणी गेलेली पाचही मुलं. आणि ही पोरगी सगळ्यांसमोर काय सांगणार? टॅग शाबूत तर पास. माती चालते. डबल टेप म्हणजे काळजीचा माणूस. सगळे हसतील. मॅडमनी कालच सांगितलं, जो चांगलं करील त्याची पुढची फी संस्था भरणार आहे. नर्सिंगची सुद्धा.

सकाळपासून सांगायचं मनात होतं. भाग्यश्री, मी तुला उलटं शिकवलं. एवढंच वाक्य. चार वेळा तोंडापर्यंत आलं. पण मग ती विचारणार, का? आणि मी काय सांगू? तुझ्यासारख्या पोरीला घाबरले म्हणून?

शेवटी म्हटलं, "अगं, ते टॅगचं वगैरे मी सांगितलं होतं ना, ते... नेहमीच तसं नसतं हां." ती म्हणाली, "हां मावशी. वेगळी केस."

हसली का ती? मला कळलं नाही.

३० मे

देवा, तिला उद्या ताप येऊ दे. नाहीतर मला.

३१ मे

घरी आले ती थेट वही उघडली. नीट लिहिते.

मधल्या मोकळ्या जागेत टेबल मांडलं होतं. हेड ऑफिसचे साहेब, दीपेश, मृणाली मॅडम, समोर आम्ही सगळे. बाकीच्या मुलांनी भाषणं केली. बँकेत गेलेला कल्पेश नावाचा मुलगा तर नुसता इंग्लिश बोलला, टाळ्या पडल्या. मग भाग्यश्री. तिच्यापुढे परत आलेल्या मालाचा ढीग ठेवला. तिथल्या तिथे निवडायचा. खरं काय ते दीपेशच्या कागदावर, म्हणजे मीच आदल्या दिवशी तपासून दिलेलं. मी मेघालीचा हात धरून ठेवला होता.

पहिली साडी. टॅग शाबूत. मी डोळे मिटले. उघडले तर भाग्यश्रीनं फॉल नाकाशी धरला होता. लाल पेटी. चप्पल — तळव्यावरून अंगठा, ओढणीला पुसला, लाल पेटी. डबल टेपचं खोकं कानाशी नेऊन हळूच हलवलं, खालून दोनदा टकटक केलं. मी करते तसंच! लाल पेटी. एक कुर्ता उलटा करून काखेची शिवण बघितली, हिरवी पेटी. मान तशीच, ओठ तसेच मिटलेले. मेघाली कानात म्हणाली, "ताई, तुम्हीच उभ्या आहात की तिथे."

एकही चुकली नाही.

मॅडमनी विचारलं, "कोणी शिकवलं हे सगळं?"

"मावशींनी."

"काय काय सांगितलं मावशींनी?"

भाग्यश्रीनं माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं, पहिल्यांदाच. मग म्हणाली, "सांगितलं थोडं. बाकी मी त्यांचं हात बघितलं. आमच्याकडं कोन सांगत बसत न्हाय मॅडम. आई टोपली इनते, आमी बाजूला बसून हात बघतो. तोंड काय बोलतं तिकडं ध्यान न्हाय द्यायचं."

म्हणजे तिला कळलं होतं. पहिल्या दिवसापासून कळलं होतं. आणि सगळ्यांसमोर तिनं मला झाकून घेतलं.

हेड ऑफिसचे साहेब खूश झाले. दीपेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "देखा? किसी ने बताया नहीं, सिर्फ हाथ देख के सीख गई. तीन हफ्ते में. यही तो मैं कह रहा था." दीपेश म्हणाला, "हो सर, होऊन जाईल सर."

सगळे पांगल्यावर दीपेशला गाठलं, म्हटलं खरं सांग, हिला माझ्या जागी बसवणार का? तो पोट धरून हसला. "काय काकी! तिला अठरा पूर्ण नाहीत. तिला कोण ठेवणार?"

मग मीही हसले. किती वेडी मी.

निघताना भाग्यश्री पाया पडायला वाकली, मी वाकू दिलं नाही. माफी मागायची होती. मागितली नाही, जमलंच नाही. नुसता तिचा हात धरून उभी राहिले. फी संस्था भरणार आहे, मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. गेटवर तुळशीराम पिशवीकडे हात नेत होता, मी मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, घे, आधी माझी पर्स उलटी कर. त्यानं दोघींना सोडलं.

२ जून

स्टूल अजून तिथेच आहे. सारखं तिकडे लक्ष जातं. कोणी बघत नसलं की काम मिळमिळीत वाटतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

५ जून

भाग्यश्रीचा फोन. आईच्या फोनवरून, मागे कोंबड्या ओरडत होत्या. "मावशी, काल आमची नवी भाजी झाली. आता तुमच्या हातची शेवळं खाईन." म्हटलं, ये की गो, कधीही ये.

मग म्हणाली, "मावशी, तो कॅमेरा काढला का?"

"नाही. कशाला काढतील?"

"मी तं गेली ना आता."

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, हिला गेल्यावरही कॅमेऱ्याची चौकशी कशाला? पण आता ठरवलंय, या पोरीचा संशय घ्यायचा नाही. म्हणून पुढे काही विचारलं नाही. विषय बदलला, तिची आई कशी आहे विचारलं.

९ जून

सकाळी दीपेश आला, काकी न म्हणता. बरोबर दोन मुलं, एक काळी पेटी आणि वायरी. पुढच्या महिन्यापासून रिटर्नचा माल मशीन बघणार. मला पॅकिंगला टाकलंय. शेठनं दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली, तर म्हणाला, "नोकरी आहेच की, फक्त टेबल बदललं." मी विचारलं, मशीनला कोणी शिकवलं? खाली बघत म्हणाला, "तुम्हीच. तीन आठवड्यांचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग."

तो गेल्यावर तिच्या स्टुलावर चढून कॅमेऱ्याच्या काचेत बघितलं. सरळ माझ्या टेबलावर रोखलेली, जिथे माझे हात असतात तिथे. स्टूल त्यात येतच नाही. पोरीला तोंडानं सगळं खोटं सांगितलं, हात मात्र खरंच बोलत राहिले. ती मूठ वळून वर कॅमेराच दाखवत होती, आणि मी मुठीकडेच बघत बसले.